लोह, जंतूंची नियामक प्रथिने आणि लोहकल्पांचा काल

प्रयोजन

पांडू आणि जुनाट कास एकत्र घेऊन येणारा रुग्ण मावळातील वैद्यास अपरिचित नाही. अशा वेळी नवायस लोह किंवा पुनर्नवा मंडूर लिहिण्याकडे हात सहज वळतो. तत्पूर्वी जंतू लोहाची दखल कशी घेतात, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

लोहाची टंचाई

लोणावळ्याच्या घाटातील काळ्या बसाल्टात लोहाच्या ऑक्साइडांचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या वर असते. तरी त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात विरघळलेले लोह अत्यल्प असते. प्राणवायूच्या संपर्कात लोह फेरिक रूपात जाते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शरीरात शिरलेल्या जंतूसही अशीच टंचाई भासते. रक्तात ट्रान्सफेरिन, तर लाळ व स्तन्यात लॅक्टोफेरिन लोह धरून ठेवते. संसर्गकाळी यकृत हेप्सिडिन स्रवते; त्यामुळे आतड्यातील लोहशोषण आणि साठ्यातून रक्तात येणारे लोह, दोन्ही मंदावतात.

आयन प्रथिनास कार्यक्षम कसा करतो?

याचे उत्तम उदाहरण घटसर्पाच्या जंतूत आढळते. माध्यमातील लोह वाढविल्यास विषनिर्मिती थांबते, हे पॅपेनहायमर व जॉनसन यांनी 1936 साली दाखविले. विषाचे जनुक जंतूमध्ये बॅक्टेरिओफेज या विषाणूबरोबर आलेले असते. त्यावरील नियंत्रण मात्र जंतूच्याच ‘डीटीएक्सआर’ या 226 अमिनो आम्लांच्या प्रथिनाकडे असते.

लोह नसता हे प्रथिन जनुकास घट्ट धरू शकत नाही. फेरस आयन ठरलेल्या जागी बसताच प्रथिनाच्या आरंभीचा सर्पिल भाग काहीसा उलगडतो व अडथळा दूर होतो. मग प्रथिनाच्या दोन जोड्या डीएनएच्या समोरासमोरील बाजूंवर बसतात आणि विषाचे जनुक बंद होते. म्हणजे आयनामुळे प्रथिन जागे होते, आणि जागे झालेले प्रथिन जनुकास निजविते. लोह संपले की बंधन सुटते व विष तयार होऊ लागते. फेरस आयन हवेत लवकर बदलत असल्याने प्रयोगशाळेत पुष्कळदा निकेल अथवा कोबाल्टचे आयन वापरून हा अभ्यास केला जातो.

क्षयाच्या जंतूत याच कुळातील ‘आयडीईआर’ हे प्रथिन असते. लोह पुरेसे असता ते लोह ओढून आणणाऱ्या मायकोबॅक्टिनची जनुके बंद करते व लोह साठविणाऱ्या प्रथिनाचे जनुक चालू करते. अर्थात मिळालेले लोह जंतू वाया घालवीत नाही. तो त्याची साठवण करतो.

चिकित्सेतील अर्थ

येथे दोन चुका संभवतात. पहिली, ‘लोहाने विष थांबते, तर घटसर्पात लोह द्यावे’ हा निष्कर्ष. परीक्षानळीतील विपुलता घशात निर्माण करता येत नाही. घटसर्पाची शंका येताच रुग्णास प्रतिविष व प्रतिजैविकांसाठी विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

दुसरी चूक अधिक नित्याची आहे. जुनाट संसर्गातील पांडुता पुष्कळदा लोहाच्या अभावाची नसून लोह अडवून ठेवल्याची असते. तेथे बाहेरून दिलेले लोह रुग्णास फारसे लाभत नाही; जंतूस लाभण्याची भीती असते. हिवतापग्रस्त पेम्बा बेटावर बालकांना सरसकट लोह व फॉलिक आम्ल दिल्याने गंभीर आजार व मृत्यू वाढल्याचे 2006 साली प्रसिद्ध झाले. यावरून लोह वर्ज्य ठरत नाही. त्याचा काल महत्त्वाचा ठरतो.

ज्वरात प्रथम लंघन व आमपाचन, बल्य व बृंहण योजना नंतर, हा आपला क्रम परिचित आहे. प्राचीनांना आयन ठाऊक होते असा दावा करण्याचे कारण नाही. क्रमाचा विवेक तेवढा घ्यावा.

सारांश

1. दोन आठवड्यांहून अधिक कास, सायंकालीन ज्वर किंवा वजनातील घट असल्यास लोहकल्पापूर्वी थुंकीची तपासणी करवावी.
2. शक्य तेथे हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन पाहावे. संसर्गात फेरिटिन वाढलेले दिसू शकते, हे ध्यानी ठेवावे.
3. संसर्गावर उपचार सुरू होऊन ज्वर शमल्यावर, लोहाची उणीव सिद्ध असल्यास लोहकल्प योजावेत.
4. औषधालय चालकांनी चिठ्ठीविना लोहकल्प मागणाऱ्यास ज्वर व कास यांविषयी अवश्य विचारावे. त्या एका प्रश्नाने क्षयाचा रुग्ण वेळीच तपासणीस पोहोचू शकतो.