सही करण्याआधी बेसमेंटची हवा मोजा

अगं, घर पसंत पडलं हे ऐकून फार बरं वाटलं. शाळा, स्टेशन, किराणा दुकान सगळं तुम्ही पाहिलंच असेल. आता रेडॉनची चाचणी तेवढी सोडू नका. उत्तर न्यू जर्सीच्या पोटात रीडिंग प्राँग नावाचा जुन्या खडकांचा पट्टा आहे. त्यातल्या युरेनियमपासून हा वायू होतो आणि फरशीच्या भेगांतून, संप पंपाच्या खड्ड्यातून घरात येतो. त्याला ना वास, ना रंग. फुप्फुसाच्या कर्करोगाने अमेरिकेत दरवर्षी सुमारे 21,000 माणसं याच्यापायी जातात, असा इथल्या पर्यावरण खात्याचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्याला धोका कितीतरी जास्त.

'शेजाऱ्यांकडे काही निघालं नाही' किंवा 'घर नवंकोरं आहे' यावर विसंबू नकोस. 1984 साली पेन्सिल्व्हेनियातल्या स्टॅनली वॉट्रस या इंजिनिअरमुळे अणुवीज केंद्रातला किरणोत्सर्गाचा गजर वाजायला लागला. शोधल्यावर कळलं, दोष केंद्रात नव्हता, त्याच्या राहत्या घरात होता. आकडा लिटरमागे 2,700 पिकोक्युरीच्या आसपास! इथे 4 झाले की दुरुस्ती करा म्हणतात. माझं मत विचारशील तर 2 च्या वर गेलं तरी दुरुस्तीचा विचार कर, कारण निर्धास्त राहावं असा आकडाच नाही.

न्यू जर्सीत विकणाऱ्याने आधी चाचणी केली असेल तर करार करताना निकाल द्यावाच लागतो. तो माग, पण तुमचीही चाचणी करून घ्या.

घरी स्वतःच रेडॉन मोजायची कोळशाची डबी लावणार असशील तर नीट लाव. आधी 12 तास आणि चाचणी संपेपर्यंत दारं-खिडक्या बंद. येण्याजाण्यापुरतं दार उघडायचं. आपल्या घरात फोडणी पडली की हात आपोआप खिडकीकडे जातो, तर ते दोन-तीन दिवस साधं जेवण करा. डबी राहत्या भागातल्या सगळ्यात खालच्या मजल्यावर, जमिनीपासून निदान 20 इंच उंच ठेव. स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये किंवा वाऱ्याच्या झोतात नको. सुरू-बंद केल्याची वेळ लिही आणि बंद केलीस की त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे पोस्टाने पाठव. रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो; डबी टेबलावर पडून राहिली की निकालाचा भरवसा जातो.

शक्यतो थंडीत मोजा. तेव्हा घरातली गरम हवा वर चढते आणि खालून मातीतली हवा ओढून घेते. राहायला गेल्यावर तीन महिन्यांहून जास्त चालणारी चाचणीही लाव. वर्षभराचा अंदाज त्यातूनच येतो.

आकडा जास्त आला म्हणून घर सोडायची गरज नाही. फरशीखाली पाइप घालून पंख्याने हवा छपराच्या वर सोडतात, त्याने बहुतेक घरांत प्रमाण खूप उतरतं. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. पंखा बेसमेंटमध्ये बसवू देऊ नकोस. पाइप गळला तर वायू घरातच पसरेल. तो माळ्यावर किंवा बाहेर हवा. काम परवानाधारकाकडूनच करून घ्या आणि नंतर पुन्हा मोजा, पुढेही दर दोन वर्षांनी.

आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतील तेव्हा त्यांची खोली बेसमेंटमध्येच करणार ना? मग तिथला निकाल हातात आल्यावरच त्यांचा पलंग लाव.