पावसाळा धरून उन्हाचा हिशेब

सूर्याच्या उष्णतेस कामाला लावणे ही अगदी नवी कल्पना आहे, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु नवी मुंबईसमोरच्या बंदरापलीकडे, मुंबईतील कुलाब्यास, सन 1878 च्या सुमारास विल्यम ॲडम्स नामक हायकोर्टाच्या डेप्युटी रजिस्ट्रारांनी हे करून दाखविले होते. त्यांनी आरशांनी ऊन एकवटून जानेवारीच्या थंडीत सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजविले, आणि पुढे अशाच उष्णतेने वाफ करून अडीच अश्वशक्तीचे यंत्र चालविले.

असे असूनही ह्याच बंदरातील घारापुरी बेटावर विजेची तार सन 2018 च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळातून पोहोचली. जगाचे प्रवासी जेथील लेणी पाहावयास येतात, तेथील रहिवाशांस इतकी वाट पाहावी लागली. तेव्हा पनवेल-उरणच्या डोंगरउतारावर एकटी खोपी करून राहणाऱ्या शेतकऱ्याने तारेचीच वाट पाहत बसावे काय? आमच्या मते बसू नये. मात्र प्रथम हिशेब करावा.

कारण अनुभव असा की, सोलर पॅनेल वैशाखात बसविले जाते आणि आषाढात दिवा विझतो. मग ‘सोलर फसवे आहे,’ असे म्हणून लोक ते काढून ठेवतात. कष्टाचा पैसा जातो, आणि साप-विंचवांच्या दिवसांतच घर अंधारात राहते. ह्यात दोष उन्हाचा नव्हे. हिशेब उन्हाळ्याचा केला, आणि गरज पावसाळ्याची होती.

गरज मोजावी. पाच वॅटचे तीन एलईडी दिवे पाच तास जळाले, तर 75 वॅट-तास वीज लागते. दोन मोबाइलांकरिता 25 धरावे. एकूण 100.

मिळकत मोजावी. 100 वॅटच्या पॅनेलास उन्हाळ्यात रोज सुमारे पाच तासांचे भर ऊन मिळते असे समजा. तीन दशांश भाग वाटेत वाया जातो, म्हणून हाती 350 येते. पावसाळ्यात दोनच तास धरावे. तेव्हा हाती 140. गरज 100 आहे, म्हणून हे पॅनेल पुरेल. 50 वॅटचे घेतले असते, तर उन्हाळ्यात पुरले असते आणि पावसाळ्यात बुडविले असते.

साठवण मोजावी. झडीचे तीन दिवस ऊन न पडल्यास 300 लागेल. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये, म्हणून 600 ची, म्हणजे 12 व्होल्टची 50 अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. झड लांबली तर एकच दिवा लावावा. तीच साठवण बारा दिवस पुरते.

पॅनेल घरी जोडण्याच्या भरीस पडू नये. कोकणच्या दमट हवेत ते लवकर बिघडते. ते विकत घ्यावे, बाकीची मांडणी घरी करावी. तोंड दक्षिणेस, उतार सुमारे 19 अंशांचा, आणि झाडाची सावली नको. पॅनेल व बॅटरी ह्यांमध्ये चार्ज कंट्रोलर असावा, आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज. चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून ती चुलीपासून दूर, हवेशीर जागी ठेवावी.

आता उरलेल्या विजेचे काय करावे? भात कापल्यावर वालास जमिनीची ओल पुरते, परंतु वांगी-मिरचीस पाणी हवे. थंडीपासून वैशाखापर्यंत 60 वॅटचा लहान पंप दिवसा तीन तास चालविल्यास 180 खर्च होतात, आणि रात्रीचा दिवा राहतो. दहा मीटर उंचीवर सुमारे हजार लिटर पाणी चढते. परसबागेस तेवढे पुष्कळ आहे.

उन्हाळ्यात विजेवाचून एक काम करावे. आतून काळ्या रंगाची लाकडी पेटी करून वर काच बसवावी. खाली व वर भोके पाडून त्यांस बारीक जाळी लावावी. तीत आमसुले, आंबोशी व मिरची माशा-धुळीपासून सुरक्षित राहून वाळतात.

मृग लागण्यापूर्वी पॅनेलचे बोल्ट आवळावे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, हे विसरू नये. मृगानंतर पंप बंद ठेवून सर्व वीज दिव्याकरिता राखावी.

अभ्यासाकरिता

1. आपल्या घरची एका रात्रीची गरज वॅट-तासांत मांडा.
2. आषाढात ती किती वॅटच्या पॅनेलने भागेल?
3. पाच दिवस ऊन न पडल्यास बॅटरी केवढी हवी?

ही तीन उत्तरे कागदावर आल्यावरच दुकानाची पायरी चढावी.