गोधडीचा त्रिकोण आणि शिवणीवरील दाब
(इयत्ता ५ वी ते ७ वी : हस्तव्यवसाय व भूमिती यांचा समवायी पाठ)

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या उद्योगातून शिक्षण ही कल्पना देशापुढे ठेवली. त्या कल्पनेतील एक गोष्ट अजूनही तितकीच खरी आहे : हाताने केलेल्या कामात चूक लपत नाही. पुढील पाठ हा त्याचाच एक अनुभव होय.

आपल्याकडे गोधडी किंवा वाकळ शिवताना बहुधा जुन्या लुगड्यावर ठिगळे पसरून, त्यांच्या कडा दुमडून, सर्व थरांतून धावदोरा घालतात. अमेरिकेतील रजईकामात दुसरी एक रीत फार रूढ आहे. तीत फिकट व गडद कापडाचे दोन काटकोन त्रिकोण कर्णावर जोडून एक चौरस करतात, आणि असे अनेक चौरस एकमेकांस शिवून वरचा थर सिद्ध करतात. भूमितीच्या दृष्टीने ही रीत शाळेस फार सोयीची आहे.

साहित्य. धुऊन वाळवलेले सुती कापड, फिकट व गडद. मोजपट्टी, गुण्या, खडू किंवा पेन्सिल, सुई-दोरा, कात्री, इस्त्री. नवे कापड आधी धुवावे, नाहीतर ते पुढे आटून गोधडी चुरगळते.

आखणी. आमच्या वर्गात ३२ मुले होती. प्रत्येकाने एक जोडी शिवली, तर २ चौरस, एकूण ६४, म्हणजे ८ ओळी व प्रत्येक ओळीत ८. तयार चौरस १० सेंटिमीटरचा धरल्यास तान्ह्या मुलास पुरेल अशी ८० सेंटिमीटरची गोधडी होते. हा हिशेब मुलांकडूनच काढून घ्यावा.

शिवणीची माया सर्वत्र ०.६ सेंटिमीटर ठेवावी. १० सेंटिमीटरच्या तयार चौरसासाठी कापडाचे तुकडे १२.५ सेंटिमीटरचे, उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापावेत. फिकट व गडद तुकडा सुलट बाजू आत करून ठेवावा. फिकट तुकड्याच्या उलट बाजूवर कर्ण आखावा व त्याच्या दोन्ही अंगांस ०.६ सेंटिमीटरवर एकेक रेघ ओढावी. या दोन रेघांवर बारीक धावदोरा घालावा. दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटा टाका घेतल्यास शिवण घट्ट राहते. मग मधल्या कर्णावर कापले की दोन चौरस हाती येतात.

दाब. या पाठाचे मर्म येथे आहे. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढले तर फारसे ताणत नाही. कोनातून ओढले तर सहज ताणते. शिंपी या दिशेला उरेब म्हणतात. मुलांना चौकोनी रुमाल देऊन दोन्ही प्रकारे ओढावयास सांगावे. नियम त्यांचा त्यांनाच उमगेल. आपली शिवण नेमकी उरेब दिशेने जाते. म्हणून :

१. चौरस उघडण्यापूर्वी शिवण मिटलेल्या स्थितीतच एकदा दाबावी. त्यामुळे दोरा कापडात बसतो.

२. गडद कापड वर ठेवून ते उलगडावे व माया गडद बाजूस वळवावी. फिकट बाजूस वळवल्यास गडद पट्टी खालून दिसत राहते.

३. इस्त्री ठेवावी, दाबावी, उचलावी. ती घासू नये.

४. गार झाल्यावरच गुण्या लावून चौरस ११.२ सेंटिमीटरचा छाटावा व कोपऱ्यांवरील शेपटे कापावीत. छाटताना शिवण दोन्ही टोकांस बरोबर कोपऱ्यातून गेली पाहिजे.

हाताने शिवलेली शिवण उघडून दोन्हीकडे पसरू नये. ताण पडताच टाक्यांमध्ये फटी दिसतात. माया एका बाजूस असली की टाके झाकले जातात. गरम इस्त्री शिक्षकांनीच हाताळावी. इस्त्री नसल्यास नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घडी बसवता येते.

एक अनुभव. पहिल्या वर्षी आम्ही आधी छाटले आणि नंतर दाबले. शेवटचे काही चौरस मी घाईने, इस्त्री शिवणीपासून कोपऱ्याकडे जोराने सरकवीत दाबले. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे दोन्ही चौरस ओळीत बसेनात. मी तिला सर्वांसमोर मोजमापातील हयगयीबद्दल बोललो. तिने मोजपट्टी पुढे केली व म्हणाली, "गुरुजी, चारही बाजू सारख्याच आहेत." खरोखरच प्रत्येक बाजू ११.२ होती. मग मी कर्ण मोजले. चौरसाचे दोन्ही कर्ण १५.८ सेंटिमीटर यावयास हवे होते. तिच्या तुकड्यात एक १६.३ व दुसरा १५.४ आला. धागे लांबले नव्हते, त्यांच्यातील कोन बदलला होता. चौरसाचा समभुज चौकोन झाला होता, आणि तो तिने नव्हे, माझ्या इस्त्रीने केला होता.

तसे मी वर्गास सांगितले व तिची क्षमा मागितली. तुकडे किंचित ओले केले, आखूड कर्णाच्या दिशेने हळू ओढून, गुण्यास लावून, न घासता दाबले. ते ओळीत बसले. चारही बाजू समान असल्या तरी आकृती चौरस असतेच असे नाही, हे त्या वर्गाला पुन्हा शिकवावे लागले नाही.

जोडणी. सर्व चौरसांतील शिवणी एकाच दिशेने तिरप्या ठेवाव्यात. चौरस ओळीने जोडताना पहिल्या ओळीतील माया उजवीकडे, दुसरीतील डावीकडे, असे आलटून पालटून दाबावे. मग दोन ओळी जोडताना मायेच्या कडा एकमेकींत चपखल बसतात व सांध्यावर गाठ येत नाही.

पडताळ्यासाठी प्रश्न. (१) चौरस ओळखण्यास केवळ बाजू मोजणे का पुरत नाही? (२) तयार बाजू १० व माया ०.६ असता छाटलेला चौरस ११.२ का? (३) माया गडद बाजूस का वळवावी? (४) ३६ मुलांच्या वर्गाचे किती चौरस होतील व ते किती ओळींत मांडता येतील?

शिक्षकबंधूभगिनींस एक विनंती. मुलाचे काम जुळेनासे झाले, तर त्याच्या मोजपट्टीवर संशय घेण्यापूर्वी ते काम कोणाकोणाच्या हातून गेले, हे पाहावे. त्यांत एक हात आपला असतो.