वाफेच्या साह्यानें दाट तेल काढण्याची कृति

खनिज तेल म्हटलें कीं, विहीर खणतांच कारंज्यासारखें उसळणारें तेल आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु पृथ्वीच्या पोटांतील सर्वच तेल असें चपळ नसतें. कॅनडा देशाच्या अल्बर्टा प्रांतांत अथाबास्का नदीच्या परिसरांत जें तेल आहे, तें डांबराप्रमाणें वाळूच्या कणांस चिकटून बसलेलें आहे. त्याचा थोडा भाग उघड्या खाणींतून खणून काढतां येतो. पण बहुतेक सांठा त्याहून खोल आहे. तो वर कसा आणतात आणि त्यासाठीं काय मोल द्यावें लागतें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

थंडीच्या दिवसांत बरणींतील काकवी ओतूं गेल्यास ती हलत नाहीं; तीच बरणी ऊन पाण्यांत ठेवली, तर धार लागते. दाट तेलाचेंहि तसेंच आहे. पाण्याचा चिकटपणा 1 मानला, तर जमिनींतील थंड स्थितींत अथाबास्काच्या तेलाचा चिकटपणा दहा लाखांहूनहि अधिक भरतो. तेंच तेल 200 अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें कीं, हा आंकडा दहाच्या आसपास उतरतो. म्हणजे तेथें तेलाची वाण नाहीं. वाण आहे ती उष्णतेची.

ही उष्णता खोल पोंचविण्यास वाफच कां योजतात? एक ग्रॅम पाणी 0 पासून 100 अंशांपर्यंत तापविण्यास 100 कॅलरी लागतात. त्याची वाफ करण्यास आणखी सुमारें 540 लागतात. ही गुप्त उष्णता वाफ आपल्याबरोबर नेते, आणि थंड जागीं तिचें पाणी झालें कीं तेथेंच ती सोडून देते. दाब वाढला म्हणजे 540 हा आंकडा कमी होतो, पण तत्त्व तेंच राहतें.

या कामाच्या मुख्य रीति तीन आहेत. पहिलीचा शोध योगायोगानें लागला. 1959 सालीं व्हेनेझुएलांतील मेने ग्रांदे येथें शेल कंपनी जमिनींत वाफ सोडीत असतां ती फुटून वर आली. दाब उतरविण्यासाठीं वाफेच्या विहिरी उघडल्या, तों त्यांतूनच भरपूर तेल येऊं लागलें! तेव्हांपासून एकाच विहिरींत कांहीं आठवडे वाफ सोडणें, ती मुरूं देणें व मग तिच्यांतूनच तेल उपसणें, हा क्रम रूढ झाला. अल्बर्टांतील कोल्ड लेक येथें व आपल्या राजस्थानांत बाघेवाला येथें हीच रीत वापरली आहे.

दुसऱ्या रीतींत कांहीं विहिरींतून वाफ सतत सोडतात आणि ती तेलाला शेजारच्या विहिरींकडे ढकलते. कॅलिफोर्नियांतील केर्न रिव्हर हें तिचें प्रसिद्ध क्षेत्र होय.

तिसरी रीत रॉजर बटलर या अभियंत्यानें सुचविली. दोन विहिरी खालीं जाऊन आडव्या वळतात आणि एकीखालीं एक, सुमारें 5 मीटर अंतरानें, शेंकडों मीटर पसरतात. वरच्या विहिरींतून सोडलेली वाफ वर चढते आणि तेथें वाफेची जणूं एक खोलीच तयार होते. तिच्या कडांना पातळ झालेलें तेल आपल्याच भारानें खालच्या विहिरींत झिरपतें. 1987 सालीं फोर्ट मॅकमरेजवळ भूमिगत बोगद्यांतून ही रीत कसोटीला लावली, व ती उतरली. वाफेनें ढकलण्याचें काम येथें गुरुत्वाकर्षण करतें, हें तिचें मर्म.

आतां मोलाविषयीं. एक घागर तेल मिळविण्यास साधारणतः तीन घागरी पाण्याची वाफ करावी लागते. त्यांतील बहुतेक पाणी शुद्ध करून पुन्हां वापरतात. परंतु जाळलेला नैसर्गिक वायु परत येत नाहीं. मिळणाऱ्या तेलांत जी उष्णता असते, तिच्या सुमारें पांचव्या हिश्शाइतकी अशा रीतीनें आधींच खर्ची पडते, आणि वातावरणांत कार्बन डायऑक्साइडची भर पडते ती निराळीच. तीनांच्या जागीं सहा घागरी लागल्या, तर हा हिस्सा किती होईल, याचें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः मांडून पाहावें.

निसर्गाच्या भांडारांतून कांहीं घेतांना काय मिळालें एवढेंच पाहणें हा अर्धा हिशेब होय. काय खर्चिलें, हेंहि त्याच पानावर लिहिलें पाहिजे. आमच्या मतें वाफेची ही कृति हा धडा जितका स्पष्ट शिकविते, तितका फारच थोड्या कृति शिकवीत असतील.