नितळ पाणी, पण मासा?



उपवासकाळातील शुक्रवारी आपल्यापैकी अनेकांच्या घरी मटणाऐवजी मासळी शिजते. आपल्या वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. आपली मासळी बहुधा नदीची, तलावाची किंवा धरणाची. पाणी नितळ दिसले की मासाही निर्धोक, असे आपण धरून चालतो. नेहमीच तसे असते का, ते या पाठात पाहू.

तर्रीचा धडा

रश्श्यावरची तर्री आठवा. तिखटाचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो आणि तेलाबरोबर वर येतो. काही रसायनांचा स्वभाव असाच असतो. डीडीटी, एन्डोसल्फान यांसारखी कीटकनाशके आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातील पीसीबी यांना पाणी मानवत नाही, चरबी मानवते. नाल्यात पोचल्यावर ती गाळाला आणि शेवाळाला चिकटतात. तेथून कल्ल्यांवाटे व खाद्यावाटे माशाच्या चरबीत शिरतात. जास्तीचे मीठ लघवीवाटे निघून जाते. ही रसायने पाण्यात विरघळत नसल्याने तशी सहज निघत नाहीत. थोडी थोडी साठत जातात. यालाच जैवसंचय म्हणतात. डीडीटी यांत फार चिवट.

पायरीपायरीने वाढ

शेवाळ झिंगा खातो, झिंग्यांना लहान मासा, लहान माशांना मरळ आणि मरळीला माणूस. प्रत्येक पायरीवर साठा वाढतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या तलावात चिलटे मारण्यासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये डीडीटीचेच भावंड असलेले डीडीडी टाकले. शेवटच्या दोन वेळी प्रमाण होते पाच कोटी भाग पाण्यात एक भाग. पुढे तेथील पाणडुब्या मेलेल्या सापडल्या. त्यांच्या चरबीत दहा लाख भागांमागे १,६०० भाग डीडीडी निघाले, म्हणजे पाण्यातल्यापेक्षा ८०,००० पट!

आपल्या दारात

आपला जिल्हा कपाशीचा. पावसात काळी माती वाहून नाल्यांत जाते आणि धाम, वेणा, यशोदा यांच्यावाटे वर्धा नदीला मिळते. मातीबरोबर फवारलेले औषधही जाते. शेतीतील डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली. कपाशीवर वर्षानुवर्षे मारले गेलेले एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी थांबवले. बंदीने नवी भर थांबते. गाळात मुरलेले मात्र लगेच संपत नाही. म्हणून प्रत्येक मासा विषारी ठरतो असे नाही. मासा पौष्टिकच आहे. पण नदीवर पोट भरणाऱ्या ढिवर कुटुंबाच्या ताटात तो आपल्यापेक्षा अधिक वेळा येतो, हे विसरू नये. ही रसायने आईच्या दुधातही उतरतात. तरीही स्तनपान थांबवू नये. बाळासाठी तेच उत्तम. थांबवायचे आहे ते नदीत विष सोडणे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात (परिच्छेद २१) याच धोक्याकडे लक्ष वेधले आहे: रसायनांचे प्रमाण कमी असले तरी ती तेथील लोकांच्या शरीरात साठू शकतात.

आपण काय करावे?

१. फवारणीचा पंप नाल्यावर किंवा विहिरीवर धुऊ नये. औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी वापरू नये.
२. डोहात औषध टाकून मारलेले मासे पकडू नयेत, विकत घेऊ नयेत.
३. गाडीचे जळके तेल गटारात ओतू नये.
४. ही रसायने नुसते धुऊन जात नाहीत. माशाचे कातडे, चरबी आणि काळीज काढून टाकावे, म्हणजे भार कमी होतो.
५. मोठ्या, जुन्या मरळीपेक्षा वनस्पती खाणारा रोहू किंवा लहान मासे बरे.

चर्चेसाठी: आपल्या वस्तीचे सांडपाणी कोणत्या नाल्याला मिळते? त्या नाल्याच्या खालच्या अंगाला कोण राहते, आणि ते काय खातात?