वणीच्या डोंगरांत सॅक किती किलोची?

चैत्रात सप्तशृंगीला निघालेले खानदेशातले पदयात्री पाहिलेत? धुळे-जळगावकडून रणरणत्या उन्हात कित्येक दिवस चालत येतात, पण खांद्यावर जेमतेम एक पिशवी. वाटेत पाणपोया असतात, गावोगाव जेवणाची सोय असते. त्याच उन्हात शेजारच्या अहिवंत किल्ल्यावर जाणाऱ्याने मात्र चार-पाच लिटर पाणी घ्यावं, म्हणजे नुसत्या पाण्याचेच चार-पाच किलो. वरच्या टाक्यांवर विसंबू नका. उन्हाळ्यात ती आटतात किंवा पाणी पिण्याजोगं राहत नाही. पायथ्याच्या गावात विचारलंत तर खरं काय ते कळेल.

म्हणून सॅक भरताना किल्ल्याची उंची नंतर बघा. आधी पुढचं पाणी आणि पुढचं घर किती लांब, ते काढा. सप्तशृंगीवर एसटी जाते, भक्तनिवास आहे, प्रसादालय आहे, 2018 पासून फ्युनिक्युलरही आहे. तिथे साठ लिटरची सॅक घेऊन फिरणारे दिसले की हसू येतं. समोरच्या मार्कंड्यावर मुळाणबारीतून चढायचं तर थंडीतही दोन लिटर पाणी, खाऊ आणि टॉर्च हवाच, कारण वर दुकान नाही. रवळ्या-जवळ्याच्या पठारावर वस्ती आहे, त्यामुळे तिथे ओझं थोडं कमी चालतं.

मुक्काम असेल तर हिशेब बदलतो. धोडपला गुहेत झोपता येतं, मग दोन किलोचा तंबू कशाला न्यायचा? वाचलेल्या वजनात जाड मॅट घ्या. डिसेंबर-जानेवारीत या भागात पारा दहाच्या खाली उतरतो आणि गुहेतला कातळ खालून अंग गारठवतो. नुसती महागडी स्लीपिंग बॅग तिथे पुरत नाही. पाणी धरून आठ किलोंत एका रात्रीचं सगळं बसतं. त्याहून जास्त होत असेल तर बहुधा कपडे जादा झालेत. पावसाळ्यात पाणी कमी घ्या, पण जीन्स घरी ठेवा. भिजली की तिचंच ओझं होतं. कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा.

वाटेचा विचार वेगळा. 1818 साली इंग्रजांनी या सातमाळा डोंगररांगेतल्या कित्येक किल्ल्यांच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या. तुटक्या पायऱ्यांवर आणि घसाऱ्यावर मागे ओढणारी सॅक जिवावर बेतू शकते. जड सामान पाठीला चिकटून ठेवा, बाहेर काही लटकवू नका. कातळटप्प्याआधी सॅका खिंडीत ठेवल्यात तर एकाला राखणीला बसवा. माकडांना चेन उघडता येते.

प्रथमोपचाराच्या डब्यात मात्र काटछाट नको. पाय मुरगळला तर अंचला किल्ल्यावरून उतरून वणी गाठायला अर्धा दिवस सहज जाईल. खाण्यापिण्याचं बाकी सामान वणीच्या बाजारात मिळतं. गॅसचं कार्ट्रिज तेवढं नाशिकहूनच आणा.