स्क्रिप्टला थांबायला शिकवा

सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच, की रात्री अलर्ट आला तर आपण उठायच्या आत स्क्रिप्टनेच काम उरकावं. डिस्क भरली तर जुने लॉग काढावेत, सर्व्हिस पडली तर पुन्हा उठवावी, मेमरी चढली तर प्रोसेस बंद करावी. यात वावगं काही नाही. नागिऑसमध्ये त्यासाठी इव्हेंट हँडलर आहेत, झॅबिक्समध्ये रिमोट कमांड आहेत, प्रोमिथियसचा अलर्टमॅनेजर वेबहुकवरून हवी ती स्क्रिप्ट चालवायला लावतो. मीही अशा स्क्रिप्ट लिहितो आणि पुढेही लिहिणार आहे. पण त्या लिहिताना काय सांभाळायचं हे कुठल्याही मॅन्युअलपेक्षा एका रात्रीने आणि कोराडीच्या वीज केंद्राने मला जास्त शिकवलं. ते नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

मी कोराडीत राहतो, नोकरी नागपुरातल्या एका कंपनीत. रात्रपाळी घरूनच असते. त्या रात्री अलर्ट आला तो डिस्कचा नव्हता, डेटाबेसच्या रेप्लिकाचा होता. संध्याकाळी बॅकअपसाठी थांबवलेली रेप्लिका ठरल्या वेळी पुन्हा सुरू झाली आणि लगेच अडली. मायएसक्यूएलचा एरर क्रमांक १२३६. म्हणजे जिथून पुढे वाचायचं ती बिनलॉग फाइल, डेटाबेसमधल्या बदलांची नोंद, मुख्य सर्व्हरवर उरलीच नव्हती. मुख्य सर्व्हरवर पाहिलं तर फक्त अगदी ताज्या फाइल. आधीच्या सगळ्या गायब.

कोणी घुसलं नव्हतं. काम स्क्रिप्टचं होतं. डिस्क ९० टक्क्यांवर गेली की तिने नावात 'लॉग' असलेल्या, तयार होऊन सात दिवस उलटलेल्या फाइल काढायच्या. तरी जागा झाली नाही तर सहा दिवस, मग पाच, असं खाली खाली यायचं, शेवटी तासांवर. बिनलॉगच्या नावातही 'लॉग' हा शब्द येतो, तो काही तिने वेगळा ओळखला नाही. मॉनिटरिंगची नोंद काढली तर दर पाच मिनिटांनी हँडलर चाललेला, प्रत्येक वेळी 'यशस्वी' अशी खूण, आणि डिस्क मात्र ९० टक्क्यांच्या वरच.

जागा का होत नव्हती? लिनक्सवर काम करणाऱ्याने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. फाइल काढून टाकली तरी एखाद्या प्रोसेसने ती उघडून धरली असेल तर डिस्कवरची जागा सुटत नाही. नाव जातं, मजकूर राहतो आणि वाढतही राहतो. एका अ‍ॅप्लिकेशनची डीबग पातळी चालू राहिली होती. तिची अवाढव्य लॉग फाइल स्क्रिप्टने पहिल्याच फेरीत काढली होती, पण अ‍ॅप्लिकेशन त्याच फाइलमध्ये लिहीत राहिलं. 'डीएफ' सांगत होतं डिस्क भरली, 'डीयू' सांगत होतं एवढ्या फाइल नाहीतच. 'एलएसओएफ'ला काढून टाकलेल्या पण उघड्या फाइल विचारल्या आणि चोर सापडला. ती एक सर्व्हिस रीस्टार्ट केली, क्षणात जागा मोकळी. पण रेप्लिका पूर्ण नव्याने उभी करावी लागली, तोवर ग्राहकांचे अहवाल बंद. आणि डीबग पातळी कधीपासून चालू होती हे ज्या लॉगमधून कळलं असतं, तेही स्क्रिप्टने साफ केले होते.

आमच्या शेजारी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "एकदा करून फरक पडला नाही, तर ती दुसऱ्यांदा कशाला करत होती?"

या प्रश्नाने मी वीज केंद्रातल्या यंत्रणेकडे नव्याने पाहायला लागलो. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. तिथेही माणूस पोचायच्या आत यंत्रच निर्णय घेतं, कारण काही बिघाडांत सेकंदाचाही अवकाश नसतो. भट्टीतली ज्योत गेली की इंधन आपोआप तुटतं. पण ज्योत पुन्हा आपोआप पेटत नाही. आधी निदान पाच मिनिटं भट्टीतून हवा खेळवावी लागते, न जळलेली कोळशाची भुकटी आणि तेलाची वाफ बाहेर घालवावी लागते. ते पूर्ण झाल्याचा सिग्नल आल्याशिवाय इंधनाला परवानगीच मिळत नाही. "अरे बाप्पा, विझली म्हणून लगेच पेटवशील तर भट्टीच उडेल ना," काका म्हणाले.

बाहेर उच्चदाबाच्या लाइनवर ऑटो-रिक्लोज असतं. वीज कोसळली किंवा फांदी घासली तर ब्रेकर उघडतो, सेकंदभर थांबतो आणि पुन्हा जोडतो, कारण असे बरेच दोष क्षणिक असतात. पण दोष तसाच असेल तर ब्रेकर पुन्हा उघडतो आणि मग तसाच राहतो. तिसऱ्यांदा नशीब अजमावत नाही. जनरेटरचा लॉकआउट रिले पडला तर तो माणसाने कारण पाहून हातानेच रीसेट करायचा. भट्टीचा दाब एका उपकरणाने जास्त दाखवला म्हणून संच बंद होत नाही, तीनपैकी दोन उपकरणांनी तेच सांगावं लागतं. अशा यंत्रणेत कृतीइतकाच विचार थांबण्याचा केलेला असतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये कृती होती, थांबणं नव्हतं.

आता नव्यांना सांगायच्या गोष्टी.

पहिली, प्रयत्न मोजा. एकदा, फार तर दोनदा. त्यानंतर स्क्रिप्टने हात जोडून माणसाला उठवायचं. सिस्टिमडीमध्ये हा नियम आधीच आहे. १० सेकंदांत ५ वेळा सर्व्हिस सुरू करून पाहिली की तो पुढे सुरू करत नाही. कुबरनेटीस पडलेला कंटेनर उठवताना १० सेकंद, २०, ४० असं अंतर दुप्पट करत ५ मिनिटांपर्यंत नेतं. आपल्या स्क्रिप्टला निदान एवढी शिस्त हवी. आणि कमांड चुकली नाही म्हणजे काम झालं असं समजू नये. जागा करायला गेला असाल तर जागा झाली का ते तपासा, आणि झाली नसेल तर 'अयशस्वी' म्हणूनच नोंदवा.

दुसरी, लक्षणाला कारण समजू नका. ३० जुलै २०१२च्या पहाटे अडीचच्या सुमारास ४०० केव्ही बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली. लाइनवर दोष नव्हता. तिच्यावरचा भार इतका वाढला होता की रिलेला तो दोषच वाटला. पाठोपाठ उत्तर भारताचं ग्रीड कोसळलं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीड. रिले त्याला घालून दिलेल्या आकड्यांप्रमाणेच वागला होता. नागिऑसमध्ये सॉफ्ट आणि हार्ड अशा दोन अवस्था असतात त्या यासाठीच. पहिल्या सॉफ्ट अलर्टला कृती करू नका, खात्रीच्या तपासण्या होऊ द्या, आणि शक्य तिथे दुसऱ्या मापाने पडताळा घ्या. डीएफ आणि डीयू जुळत नसतील तर काहीही काढू नका, माणसाला बोलवा.

तिसरी, हात लावण्याआधी पुरावा जपा. रीस्टार्टच्या आधी प्रोसेसची यादी, उघड्या फाइल, मेमरीची स्थिती आणि लॉगच्या शेवटच्या ओळी दुसऱ्या मशीनवर पाठवा. याला काही सेकंद लागतात. ते वाचवलेत तर सकाळी कारण शोधायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

चौथी, परत न फिरणारं काम स्क्रिप्टवर सोपवू नका. लॉगसाठी लॉगरोटेट आहे. बिनलॉगसाठी मायएसक्यूएलची स्वतःची मुदत आहे, आवृत्ती ८ मध्ये ती मुळातच ३० दिवसांची असते. फाइल कोणाची हे नावावरून ताडू नका, पूर्ण मार्ग लिहा. आणि डेटाबेसचा मुख्य सर्व्हर बदलण्याचा निर्णय फार जपून द्या. २१ ऑक्टोबर २०१८ला गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या नेटवर्कचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस मुख्य ठरवले. पूर्वेकडे झालेल्या शेवटच्या काही नोंदी पश्चिमेकडे पोचल्याच नव्हत्या. तो गुंता सोडवायला २४ तास ११ मिनिटं लागली.

पाचवी, एका वेळी किती सर्व्हरना हात लावायचा त्याला मर्यादा घाला. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुकचं अंतर्गत नेटवर्क एका चुकीच्या कमांडमुळे तुटलं. तेव्हा त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी डेटा सेंटरशी बोलता येत नाही म्हणून, नियमाप्रमाणे, स्वतःला इंटरनेटवरून मागे घेतलं. सगळ्यांनी एकदम. दहापैकी एक सर्व्हर आजारी दिसला तर तो बाजूला काढावा. दहाच्या दहा आजारी दिसले तर सर्व्हरवर नाही, आपल्या तपासणीवर संशय घ्यावा.

सहावी, बंद करायचं बटण ठेवा आणि ते खरंच बंद करतं का ते पाहा. ऑगस्ट २०१६ मध्ये रेडिटने एका स्थलांतरासाठी आपला ऑटोस्केलर हाताने बंद केला होता. दुसऱ्या यंत्रणेला तो बदल अनधिकृत वाटला, तिने तो परत चालू केला, आणि ऑटोस्केलरने अर्धवट माहिती वाचून चालते सर्व्हर बंद केले. देखभाल चालू असल्याची खूण प्रत्येक स्क्रिप्टने पहिल्याच ओळीत तपासावी. एकच स्क्रिप्ट दोनदा एकदम चालू नये म्हणून फ्लॉकने कुलूप लावावं. तिला रूटचे सगळे अधिकार न देता सुडोमधून नेमकी लागेल तेवढीच कमांड द्यावी. अलर्टमधून आलेला मजकूर तपासल्याशिवाय शेलला कधीही देऊ नये.

आणि नवी स्क्रिप्ट आल्या दिवशी मोकळी सोडू नका. आधी काही आठवडे ती नुसती 'मी हे केलं असतं' एवढंच लिहू दे. ते रोज वाचा. त्यातली एखादी नोंद तुम्हाला दचकवेल. तीच स्क्रिप्ट खरी चालली असती तर काय झालं असतं हे तेव्हा कळतं, आणि फुकटात कळतं.

आमची ती स्क्रिप्ट आजही आहे. ती आता फक्त ठरवलेल्या एका फोल्डरमधले दाबून ठेवलेले जुने लॉग काढते, एकदाच काढते, जागा झाली का ते पाहते आणि नसेल तर फोन वाजवते. रात्री कधीमधी उठावं लागतं. ते परवडतं.

हे वाचून झाल्यावर आपल्या सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या सगळ्या स्क्रिप्टची यादी करा. प्रत्येकीपुढे दोन उत्तरं लिहा: ती केव्हा थांबते, आणि थांबल्यावर कोणाला उठवते. जिच्यापुढे ही उत्तरं लिहिता आली नाहीत, ती आज रात्री बंद ठेवा.